दोन आजी, एक नाव

जुन्या नागपुरात विणकरांच्या एका वस्तीत एकाच नावाच्या दोन आजी राहत होत्या. आडनाव एक, नवऱ्याचं नाव एक, आणि मतदार यादीच्या एकाच भागात दोघींची नावं. त्या वस्तीत याचं कोणाला नवल नव्हतं. हातमाग चालत होते तेव्हा सोयरिकी तिथल्या तिथेच जुळायच्या आणि तीन-चार आडनावांत अख्खी गल्ली संपायची. लोक एकीला विहिरीजवळच्या आजी म्हणत, दुसरीला मंदिरामागच्या आजी. त्यामुळे घोटाळा कधी झाला नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये मंदिरामागच्या आजी वारल्या. थोरल्या मुलाने सगळं रीतसर केलं. महापालिकेतून मृत्यूचा दाखला आणला, नाव वगळण्याचा नमुना ७ भरला आणि बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) मॅडमच्या हातात दिला. एवढं करणारी घरं थोडी. माणूस गेल्यावर बँकेचं खातं बंद होतं, शिधापत्रिकेवरचं नाव कमी होतं. मतदार यादीतलं नाव मात्र वर्षानुवर्षं तसंच राहतं. कोणाच्या लक्षात येत नाही, कोणाला ते कमी करवत नाही. या मुलाने केलं, हे त्याचं मोठेपण.

बीएलओ मॅडम म्हणजे शाळेतल्या शिक्षिकाच. एका मतदान केंद्राला तेव्हा दीड हजारांपर्यंत मतदार असत, आणि त्यांची सगळी नोंद एका माणसाच्या अंगावर. वर्ग सांभाळायचा, पेपर तपासायचे, आणि उरलेल्या वेळात घरोघर फिरायचं. नवीन नावाला नमुना ६, पत्ता बदलला किंवा चूक दुरुस्त करायची तर नमुना ८. दुपारी गेलं तर घराला कुलूप, संध्याकाळी गेलं तर ‘उद्या या.’ मॅडम कामाच्या चांगल्या होत्या. त्या दिवशी मात्र थकल्या होत्या. घर ओळखीचं होतं, दाखला जोडलेला होता. शाळेतच बसून त्यांनी मोबाइलवर नाव शोधलं, समोर आलेल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि अहवालात लिहिलं, ‘प्रत्यक्ष घरी जाऊन खात्री केली.’ ओळखपत्राचा क्रमांक ताडून पाहिला नाही, घर क्रमांकही नाही. ते पहिलं नाव विहिरीजवळच्या आजींचं होतं.

पुढे कागद आपल्या वाटेने गेला. मतदार नोंदणी कार्यालयात अर्ज पूर्ण, दाखला खरा, बीएलओचा अहवाल स्पष्ट. माणूस पत्ता सोडून गेला म्हणून नाव वगळायचं असेल तर त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी, असं १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. मृत्यूच्या बाबतीत ती अट नाही. त्यामुळे कोणी कोणाला काही विचारलं नाही. विहिरीजवळच्या आजी यादीतून गेल्या आणि मंदिरामागच्या आजी, ज्या खरोखर गेल्या होत्या, त्या यादीत राहिल्या.

१६ मार्च २०२४ ला लोकसभेची निवडणूक जाहीर झाली. नागपूर पहिल्याच टप्प्यात होतं. २७ मार्चला उमेदवारी अर्जांची मुदत संपली आणि त्याबरोबर यादीही गोठली. त्या तारखेनंतर निवडणूक पार पडेपर्यंत यादीत नाव चढत नाही, उतरत नाही, दुरुस्तही होत नाही. शेवटच्या घटकेला कोणी यादीत फेरफार करू नये म्हणून ही तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. पण ज्याचं नाव चुकीने गेलं, त्याच्यासाठीही दार तेवढंच घट्ट बंद होतं. एप्रिलमध्ये घरोघर मतदार चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. आजींची चिठ्ठी आली नाही. नातू म्हणाला, "येईल न आजी, अजून वेळ हाय." कोणी यादी उघडून पाहिली नाही.

१९ एप्रिलला ऊन तापायच्या आत आजी नातवाला घेऊन केंद्रावर पोचल्या. त्यांचं पहिलं मत १९७१ चं, जांबुवंतराव धोटे नागपुरातून निवडून आले त्या निवडणुकीतलं. तेव्हा एकवीस पूर्ण झाल्याशिवाय मत नव्हतं आणि कागदावर शिक्का मारावा लागे. तेव्हापासून एकही मतदान चुकवलं नाही, हे त्या कौतुकाने सांगत. शाळेच्या व्हरांड्यात मतदार मदत कक्षाच्या टेबलावर बीएलओ मॅडमच यादी घेऊन बसल्या होत्या.

"मॅडम, पाहा न जी, माह्यं नाव कोण्या नंबरले हाय?"

मॅडमनी पानं उलटली. नाव सापडलं, त्यावर वगळल्याची खूण होती. थोडं पुढे तेच नाव पुन्हा होतं, खुणेशिवाय. घर क्रमांक पाहिला आणि त्यांच्या हातापायातलं बळ गेलं.

"आजी, तुमचं नाव कटलं आहे."

"काऊन कटलं? मी त जित्ती हावो."

नातवाने फोन काढला. त्यावर फिरत आलेला एक निरोप होता, दर निवडणुकीत फिरतो तोच: यादीत नाव नसलं तर आधार कार्ड दाखवून ‘चॅलेंज व्होट’ मागा, द्यावंच लागतं. केंद्राध्यक्ष बाहेर आले. माणूस सज्जन होता, घाईतही त्यांनी नीट समजावून सांगितलं. आक्षेप घेतात तो यादीत असलेल्या मतदाराच्या ओळखीवर. एखाद्या पक्षाच्या प्रतिनिधीला शंका आली तर तो दोन रुपये भरून तो घेतो. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर चौकशीनंतर कागदी मतपत्रिका मिळते, तिला प्रदत्त मत म्हणतात. दोन्हींसाठी नाव यादीत असावं लागतं. यादीत नाव नसलेल्या माणसाला मशीनपर्यंत नेण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

केंद्रापासून दूर, रस्त्यापलीकडे एका पक्षाचं टेबल होतं. तिथला कार्यकर्ता पोरगा आजींना ओळखत होता. त्याने आपली यादी चाळली आणि खुश झाला. त्या यादीत फोटो नव्हते.

"आजी, हे पाहा. नाव तुमचंच, नवऱ्याचं नाव तेच. वयात दोन वर्साचा फरक, तो कोण पाहते? ह्या नंबरची चिठ्ठी घ्या अन् जा आत."

आजींनी चिठ्ठी हातात घेतली. नातवाला म्हणाल्या, "घर नंबर वाच." त्याने वाचला.

"हे त मंदिरामागचीचं घर."

"हो न आजी. ती त गेली. आता तिचं मत कोणाच्या कामाचं?"

आजींनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. "तिचं नाव सांगून मी आत जाऊ? अन् बोटाले शाई लावून घरी येऊ? मंग मी कोण म्हणायची?"

दुसऱ्याच्या नावावर मत देणं ही तोतयेगिरी आहे आणि तिला तुरुंगवासाची शिक्षा आहे. हे कलम आजींना ठाऊक नव्हतं. तो पोरगाही वाईट नव्हता. म्हातारीचं मत वाया जाऊ नये एवढंच त्याच्या मनात होतं. पण आजी उठल्या, घोटभर पाणी प्याल्या आणि कोऱ्या बोटाने घरी गेल्या. त्या दिवशी यादीत नाव नाही म्हणून माघारी जाणाऱ्या त्या शहरात एकट्या नव्हत्या. नागपूर लोकसभा मतदारसंघाचं मतदान ५४ टक्क्यांच्या आसपास थांबलं. उरलेल्यांपैकी किती घरीच बसले आणि किती दारातून परतले, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

मतदान आटोपल्यावर मॅडम स्वतःहून कार्यालयात गेल्या. निवडणूक शाखेचे अव्वल कारकून निवृत्तीला आलेले होते. त्यांनी गठ्ठ्यातून तो नमुना ७ काढला, अहवालावरची ओळ वाचली, खालची सही पाहिली. आवाज चढवला नाही.

"मॅडम, दार कोणी उघडलं होतं?"

मॅडमपाशी उत्तर नव्हतं. तिथून त्या थेट विहिरीजवळच्या घरी गेल्या. आजी ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. मॅडमनी काही लपवलं नाही. चूक यंत्राची नव्हती, वरच्या कार्यालयाचीही नव्हती. आपण घरी न जाता गेल्याचं लिहिलं, हे सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं. थोड्या वेळाने एवढंच विचारलं, "दोन गल्ल्यांचं त अंतर होतं जी. तवाच काऊन नाही आल्या?"

मग सून चहा घेऊन आली आणि नमुना ६ भरायला घेतला.

नावाचा हा आग्रह आपल्या लोकशाहीने आरंभापासून धरलेला आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशभरात लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई अशाच त्या नोंदल्या गेल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालवून घेतल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून वगळावी लागली. निर्णय कठोर होता, पण मला तो बरोबर वाटतो. ज्या बाईचं नाव यादीत येतं, ती कोणाची तरी कोणी म्हणून मत देत नाही. विहिरीजवळच्या आजींनी परतवलेल्या चिठ्ठीत हेच होतं.

४ जूनला कळमना बाजारात मतमोजणी झाली, निवडणूक संपली आणि यादी पुन्हा खुली झाली. १ जुलै ही अर्हता तारीख, म्हणजे वय मोजण्याची तारीख, धरून यादीचं पुनरीक्षण सुरू झालं. आजींचा अर्ज दाखल झाला, हरकतींचे सात दिवस गेले, एकही हरकत आली नाही. मंदिरामागच्या घरी मॅडमना दुसऱ्यांदा जावं लागलं. मुलगा वैतागला, "दाखला दिला न मी जानेवारीतच." मॅडमनी त्याचीही माफी मागितली आणि या वेळी त्याच्या आईच्या ओळखपत्रावरचा क्रमांक, घर क्रमांक आणि यादीतला फोटो त्याच्याच डोळ्यांसमोर ताडून पाहिला.

त्या पावसाळ्यात त्या भागातलं एकेक दार त्यांनी पुन्हा वाजवलं. हातात छापील यादी, आणि काखेत एक साधी वही. घरातल्या माणसाला नाव मोठ्याने वाचून दाखवायचं, फोटोवर त्याचंच बोट ठेवायला लावायचं, आणि दार कोणी उघडलं ते वहीत लिहायचं. कुलूप असेल तर तारीख लिहायची आणि पुन्हा यायचं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी मंदिराच्या ओसरीवर यादीचं वाचन झालं. तेव्हा कळलं की लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं माहेरीच आहेत, अठरा ओलांडलेली पोरं नोंदलेलीच नाहीत, आणि एका घरात आईचा फोटो मुलीच्या नावासमोर आहे.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने आजींचा अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचलं. टेबलांमागच्या प्रतिनिधींनी आपापल्या यादीत खूण केली, हरकत घेतली नाही. डाव्या तर्जनीला शाई लागली, नोंदवहीत सही झाली, मशीनचा आवाज आला. बाहेर आल्यावर नातवाने विचारलं, "कोणाले दिलं?" आजी म्हणाल्या, "ते तुले काऊन सांगू?"

वाचकहो, तुमच्या भागाची यादी निवडणूक नसताना पाहा. स्वतः पाहता येत नसेल तर १९५० या मतदार मदत क्रमांकावर फोन करून विचारा. घरात कोणी गेलं असेल तर नमुना ७ स्वतः भरा आणि त्यावर ओळखपत्राचा क्रमांक लिहायला विसरू नका. आणि बीएलओ दारात आले तर त्यांना उभ्या उभ्या परत पाठवू नका. आत बोलवा, पाणी द्या आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव त्यांच्याकडून वाचून घ्या.