यमाच्या दरबारात संप

यमलोकात संप झाला आहे. यमदूत कामावर जायला तयार नाहीत आणि त्यांना चिथावणारा पुढारी आहे नुकताच मेलेला, खेड्यातला एक तरुण. ‘यमगोला’ हा तेलुगू चित्रपट १९७७ च्या ऑक्टोबरात पडद्यावर आला, तेव्हा आणीबाणी उठून जेमतेम सात महिने झाले होते. दरबार, हुकूम आणि तोंड बंद ठेवणारी नोकरशाही यांवरचे विनोद प्रेक्षकांना वेगळे समजावून सांगावे लागले नसणार. दिग्दर्शक तातिनेनी रामाराव, संवाद डी. व्ही. नरसराजू यांचे आणि नायक एन. टी. रामाराव. १९५७ च्या ‘मायाबझार’पासून तेलुगू घराघरांत कृष्ण म्हटलं की ज्याचा चेहरा डोळ्यांपुढे येई, तोच नट इथे यमाच्या तोंडावर त्याच्या कारभाराची लक्तरं काढतो. यम झालेले कैकाला सत्यनारायण मिशा फुरफुरवत ऐकून घेतात. पुढे यम आणि चित्रगुप्त स्वतःच पृथ्वीवर उतरतात आणि फजितीचा दुसरा अंक सुरू होतो.

देवाची अशी खिल्ली उडवली तर श्रद्धा कुठे उरते? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारणाऱ्याने आधी एवढं पाहावं, की खिल्ली कोणाची उडते.

तिरुपतीच्या व्यंकटेशाला कोणी रेड्यावरून खाली पाडत नाही. यमाला पाडतात. ज्या देवाला नवस बोलत नाहीत, ज्याच्या दारी रांग लागत नाही, तो विनोदाला सोयीचा. गोदावरी नाशिककडून वाहत तेलंगणात धर्मपुरीला पोचते, तिथे यमाचं देऊळ आहे. पण अशी देवळं विरळाच. मराठी घरात धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून एक दिवा लावला की त्याचा वर्षाचा मान संपला. तेव्हा या चित्रपटांचं धाडस जरा हात राखूनच मोजावं.

तरीही यमाशी हुज्जत घालणं ही काही सिनेमावाल्यांची कल्पना नव्हे. कठोपनिषदात नचिकेत यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो आणि घरी परतलेला यम ओशाळून, रात्रीमागे एक असे तीन वर देतो. सावित्री बोलण्यात गुंतवून नवरा सोडवून आणते. सगळ्यांत पुढे जातो तो महाभारताच्या आदिपर्वातला मांडव्य ऋषी. आश्रमात चोर लपले म्हणून राजा याला सुळावर चढवतो. मौनात असल्यामुळे ऋषी बोलत नाही, आणि मरतही नाही. मग तो थेट धर्माला, म्हणजे यमालाच, जाब विचारतो: माझं पाप कोणतं? उत्तर मिळतं, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. एवढ्याशा चुकीला सूळ? मांडव्य यमाला शाप देतो, की तू दासीच्या पोटी जन्म घेशील, तोच विदुर. आणि जाता जाता कायदाच बदलतो: चौदा वर्षांपर्यंत केलेलं कृत्य पाप धरायचं नाही.

माणूस देवाच्या कायद्यात दुरुस्ती करतो आणि देवाला ती पाळावी लागते. याहून मोठी थट्टा कुठल्या विनोदी चित्रपटाने केली आहे?

पडद्यावरचा यम मात्र बहुधा कारकुनी चुकीत अडकतो. ‘यमुडिकी मोगुडु’मध्ये (१९८८) चिरंजीवीचा नायक वेळेआधीच वर नेला जातो, चूक कळेपर्यंत त्याचं शरीर जळून गेलेलं, म्हणून त्याला खेड्यातल्या एका भित्र्या, हुबेहूब दिसणाऱ्या तरुणाच्या देहात धाडतात. ‘यमलीला’त (१९९४) चित्रगुप्ताच्या हातून भविष्याचा ग्रंथच पृथ्वीवर पडतो. तो शोधायला आलेला यम हैदराबादेत आईस्क्रीम चाखतो आणि त्याच्या इतका आहारी जातो, की मृत्यूची भीती वाटणाऱ्यालाही त्याची कीव यावी. हसून पुरेवाट होते. पण इथे एक पळवाट आहे. चांगला माणूस अकाली का मरतो, या प्रश्नाला ‘वहीत गडबड झाली’ असं उत्तर दिलं की नियम निर्दोष सुटतो आणि चित्रगुप्त बोलणी खातो. सरकारी कचेरीत साहेब वाचतो आणि कारकून निलंबित होतो, तसंच हे.

मुकुट घातलेला यम रस्त्यावर दिसला की लोकांना तो नाटकमंडळीतला नट वाटतो. यातला विनोद तेलुगू गावाच्या अनुभवातून आलेला आहे. गावकऱ्यांनी देव पाहिला तो रंग लावलेला, रात्रभर जागवणारा. ‘तोलु बोम्मलाट’ या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात राम-रावणाचं युद्ध ऐन रंगात आलेलं असताना केतिगाडु आणि बंगारक्का ही विदूषकांची जोडी मध्येच घुसून चावट भांडण काढते आणि मग कथा पुढे सरकते. हा खेळ करणाऱ्या कित्येक घराण्यांची घरची बोली मराठीची आहे. आपल्याकडून पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली ही माणसं. १८८५ मध्ये कडप्पा भागातल्या सुरभी गावात ‘कीचकवध’ करून उभी राहिलेली सुरभी नाटक मंडळीही याच मुळातली. त्या प्रेक्षकांना भक्ती आणि टवाळी एकाच तिकिटात मिळत आली. रावण मेल्यावर हात जोडणारा माणूस घटकाभरापूर्वी बंगारक्काला हसत होता, आणि त्यात काही विसंगत आहे असं त्याला वाटलं नाही.

म्हणूनच या चित्रपटांना देवनिंदक ठरवणाऱ्यांचा नेम चुकतो. त्यांच्यावर आक्षेप घ्यायचाच तर तो भित्रेपणाचा घ्यावा. बहुतेकांचा शेवट यम विरघळतो, आयुष्य वाढवून देतो आणि परत जातो, इथे होतो. नियम जिथल्या तिथे राहतो. ‘यमलीला’ हसवण्यात सरस आहे. पण दूतांनाच मालकाविरुद्ध उभं करणारा ‘यमगोला’ मांडव्याच्या जास्त जवळ जातो, आणि दोन्हींतला एकच पाहायला सवड असेल तर तोच पाहावा.