दुसरी किल्ली

लाज हा बायकांचा दागिना, असे म्हणतात. पुरुषही तो घालतात. फक्त कमरेखाली घालतात, म्हणून दिसत नाही इतकेच.

मी बँकेत कारकून. चेकवरची सही जुळली नाही तर गिऱ्हाइकाला भर काउंटरवर बेधडक विचारतो. पण गेल्या वर्षी शरीराच्या एका खात्यातला व्यवहार अचानक थंडावला, तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. फुटणार कसा? त्या अवयवाला मराठीत शब्द दोन जातींचे. 'शिश्न' म्हणावे तर आपण दवाखान्यात आलो की संस्कृतच्या तोंडी परीक्षेला, कळत नाही. दुसरा रस्त्यावरचा, तो उच्चारला तर तपासणीऐवजी हकालपट्टी! मध्यमवर्गाकडे एकच शब्द : 'तिथे'. मोकळेपणाने बोलतात त्या फक्त रुळांलगतच्या भिंती. 'गुप्तरोग' हा शब्द, आणि तोही दोन फुटी अक्षरांत!

चार महिने मी गप्प, हीही गप्प. मला वाटे, हिच्या लक्षात आलेले नाही. एका रात्री अंधारात तिने विचारले, "माझं काही चुकलं का हो?"

जन्मभर जमा-नावे केलेल्या मला तेव्हा कळले, की माझी लाज मी हिच्या खात्यात नावे टाकत होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठले. म्हटले, "माझ्या एका मित्राला..."

"वय?"

"पंचेचाळीस."

"त्यांना म्हणावं, उद्या उपाशीपोटी रक्त द्यायला या."

गेलो. मित्राची साखर माझ्या रक्तात सापडली.

डॉक्टरांनी समजावले, ताठरता हा मुख्यतः रक्तपुरवठ्याचा मामला. तिथल्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. गाळ साचू लागला की बारीक नळ आधी चोंदतो. म्हणून ही तक्रार पुष्कळदा हृदयाने आगाऊ धाडलेली नोटीस असते. मधुमेह, रक्तदाब, सिगारेट, मनातली काळजी, कारणे अनेक. मूळ छातीतल्या कळांसाठी चाचण्या चाललेली आणि १९९८ साली अमेरिकेत भलत्याच कामासाठी मंजूर झालेली गोळीही आहे. पण हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरू शकतो. तेव्हा विचारायचे ते डॉक्टरांना, भिंतीला नव्हे.

शरीरसुखात पाप नाही आणि त्याबद्दलच्या अज्ञानात पुण्य नाही, हे र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून सांगत होते. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. आम्ही मात्र सभ्य राहिलो आणि साखर वाढवून बसलो.

मग लाज सद्गुण की दुर्गुण? मला वाटते, ती बँकेतल्या लॉकरसारखी आहे. लॉकर चव्हाट्यावर उघडायचा नसतो, हे खरेच. पण तो एका किल्लीने उघडतच नाही. दुसरी किल्ली दुसऱ्याच्या हाती असते, कधी डॉक्टरांच्या, कधी बायकोच्या. जगापासून झाकणे ही सभ्यता. पण किल्ली ज्याच्या हाती, त्याच्यापासूनही लपवणे ही अफरातफर.

परवा डॉक्टरांनी विचारले, "मित्र कसा आहे?"

"बराय," मी म्हटले. "सध्या माझ्याकडेच राहतो."