‘इथला अनुभव’ म्हणजे नेमका कुणाचा?

कॅनडाला स्थलांतर करायचं ठरवलं की आयुष्याला मार्क मिळतात. अक्षरशः मार्क. ‘फेडरल स्किल्ड वर्कर’ या वर्गातून अर्ज करायचा तर शंभरपैकी किमान ६७ गुण लागतात. त्यात भाषेला जास्तीत जास्त २८, शिक्षणाला २५, कामाच्या अनुभवाला १५, उरलेले वय वगैरेंना. सहा वर्षं किंवा त्याहून जास्त अनुभव असेल तर पंधरापैकी पंधरा. मी पुण्यातल्या एका संस्थेत मराठवाड्याच्या पाणीटंचाईवर सात वर्षं संशोधन केलं होतं, त्यामुळे मला पूर्ण गुण मिळाले. एका परक्या देशाच्या सरकारनं कागद तपासून मान्य केलं की या बाईला काम येतं.

ओटावात आल्यावर पहिल्या चार महिन्यांत मी साठेक अर्ज केले. जिथून उत्तर आलं तिथे प्रश्न एकच, आणि तोही फार गोड आवाजात विचारलेला : तुम्हाला कॅनेडियन अनुभव आहे का? अनुभवासाठी नोकरी हवी आणि नोकरीसाठी अनुभव हवा. आधारसाठी रेशनकार्ड आणि रेशनकार्डासाठी आधार मागणाऱ्या खिडकीसमोर जो कधी उभा राहिलाय, त्याला ही गंमत समजावून सांगायला नको.

हे बरोबर नाही, हे तिथल्या व्यवस्थेलाही ठाऊक आहे. ऑन्टॅरिओच्या मानवी हक्क आयोगानं २०१३ मध्येच धोरण काढून म्हटलं होतं, की सरसकट ‘कॅनेडियन अनुभव’ मागणं हा प्रथमदर्शनी भेदभाव आहे. नोकरीच्या जाहिरातीत ही अट घालायला त्या प्रांतात कायद्यानं बंदी आली ती थेट जानेवारी २०२६ पासून. मधल्या काळात अनेकांनी टॅक्सी चालवली, गोदामात खोकी उचलली. डॉक्टरकी सोडून टॅक्सी चालवणारा माणूस हा तिथे विनोदाचा विषय झाला आहे, इतका तो नेहमीचा आहे.

या कोंडीवर केंद्र सरकारनं काढलेला एक तोडगा म्हणजे नव्यानं आलेल्यांसाठी सरकारी खात्यांमधल्या इंटर्नशिप. ‘फेडरल इंटर्नशिप फॉर न्यूकमर्स’ या नावाची योजना सगळ्यांत परिचित. काही महिन्यांचं काम, पगार मिळतो, एक मार्गदर्शक मिळतो, आणि कामाच्या प्रकारांमध्ये धोरण आणि संशोधन हा एक स्वतंत्र प्रकार असतो. पुढे कायमची नोकरी मिळेलच असं कुणी म्हणत नाही. मी अशाच एका इंटर्नशिपवर काम केलं. आता इन्स्टाग्रामवर आठवड्याला एक तरी मेसेज येतो : ताई, घ्यावी का? वयाच्या पस्तिसाव्या वर्षी इंटर्न म्हणवून घेताना लाज नाही वाटली?

घ्या. घरभाडं थांबत नाही, आणि पगार, संदर्भपत्र, ओळखी या तिन्ही गोष्टी खऱ्या असतात. पण हा प्रश्न तेवढ्यावर संपत नाही, म्हणून हे लिहिते आहे. मला छळणारा प्रश्न असा : ज्यानं अनुभव पाहूनच घरात घेतलं, त्यानंच नंतर ‘अनुभव यावा म्हणून’ ओसरीवर बसवलं, तर त्याला आदरातिथ्य म्हणायचं की आणखी काही?

आधी ओसरीच्या बाजूनं बोलते, कारण तिथे मी खरंच शिकले. धोरणाचं संशोधन म्हणजे नुसती आकडेवारी नव्हे. कॅनडात आरोग्य, शिक्षण, पिण्याचं पाणी हे मुख्यतः प्रांतांचे विषय. केंद्रातल्या अधिकाऱ्यानं कितीही सुंदर योजना सुचवली आणि तो विषय प्रांताचा निघाला तर कागद तिथेच थांबतो. मग ‘ब्रीफिंग नोट’. मंत्र्यासमोर जाणारं दोन पानी टिपण. त्याची स्वतःची एक व्याकरणपद्धती असते. ‘करावे’ असं लिहायचं नाही, ‘विचार करता येईल’ असं लिहायचं. पुण्यात मी ऐंशी पानी अहवाल लिहायचे आणि त्यातली पहिली वीस पानं पार्श्वभूमीची असायची. दोन पानांत म्हणणं मांडण्याची शिस्त मला ओटावानं लावली आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

पण माझ्या शेजारच्या टेबलावर तेवीस वर्षांचा एक मुलगा बसायचा. तिथलाच, नुकताच विद्यापीठातून बाहेर पडलेला, फार सज्जन. त्यालाही ब्रीफिंग नोट येत नव्हती. त्याच्या न येण्याला सगळे ‘नवा आहे’ म्हणायचे, माझ्या न येण्याला ‘बाहेरची आहे’. अज्ञान तेच, पण त्याचं अज्ञान वयाबरोबर आपोआप गळून पडणार होतं आणि माझं योजना राबवून काढावं लागणार होतं. आपल्याकडे २०१५ मध्ये मुख्यमंत्री फेलोशिप सुरू झाली. २१ ते २६ वयाची शिकलेली मुलं वर्षभर सरकारी यंत्रणेत काम करतात. त्यांना फाइल कशी फिरते ते माहीत नसतं, आणि नेमकं तेच त्यांचं बलस्थान मानलं जातं. ताजी नजर! नजर ताजी कुणाची आणि कच्ची कुणाची, हे नजरेवरून ठरत नाही.

याचं मला सापडलेलं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९३० च्या दशकात कार्नेगी कॉर्पोरेशनला अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या स्थितीचा मोठा अभ्यास करून हवा होता. असा अभ्यास करणारा माणूस घरात होता. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा फिलाडेल्फियातल्या काळ्या वस्तीवरचा ग्रंथ १८९९ मध्येच आला होता आणि त्यानंतर ते थांबले नव्हते. पण कार्नेगीनं आणला तो स्वीडनचा अर्थतज्ज्ञ, गुन्नार मिर्दाल. कारण हे, की स्वीडनला वसाहतींचा इतिहास नाही, तेव्हा हा माणूस तटस्थपणे पाहील. मिर्दाल १९३८ मध्ये पोहोचला, राल्फ बंच या काळ्या अभ्यासकाबरोबर दक्षिणेत हिंडला, आणि १९४४ मध्ये ‘ॲन अमेरिकन डिलेमा’ हा अवाढव्य ग्रंथ आला. ग्रंथ चांगलाच आहे. शाळांमधली वर्णविभागणी बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालाच्या तळटीपेत त्याचा उल्लेख आहे. (याच मिर्दालनं पुढे आपल्या दारिद्र्यावर ‘एशियन ड्रामा’ लिहिलं. बायको दिल्लीत स्वीडनची राजदूत होती, म्हणजे तेवढा ‘इंडियन अनुभव’ त्याच्या गाठीशी होता म्हणा.)

आता हे तिघे शेजारी ठेवून बघा. काळा अमेरिकन अभ्यासक विषयाच्या फार जवळचा, म्हणून तटस्थ नाही. स्वीडनचा प्राध्यापक फार लांबचा, म्हणून तटस्थ. आणि पुण्याहून ओटावाला गेलेली संशोधक तितकीच लांबची, पण ती तटस्थ नाही, अननुभवी. मिर्दालला कुणी ‘अमेरिकन अनुभव आहे का’ विचारलं नाही, कारण त्याला बोलावून आणलं होतं. आम्ही रांगेतून आलो होतो. अंतर हा गुण आहे की दोष, हे तुम्ही आमंत्रण घेऊन आलात की अर्ज भरून, यावर ठरत असेल तर मग ‘अनुभव’ या शब्दाचा ज्ञानाशी फारसा संबंध उरत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की आमच्या ओळखीचं कुणी तुम्हाला ओळखतं का.

इथवर हा स्थलांतरिताचा नेहमीचा कैवार झाला, आणि मी त्यावर थांबलेही असते. पण मला वाचायला दिलेल्या कागदांमध्ये पाण्याची फाइल होती.

प्रांतांच्या अखत्यारीला एक मोठा अपवाद आहे. फर्स्ट नेशन्स, म्हणजे त्या भूमीचे मूळ रहिवासी, ज्या राखीव वस्त्यांवर राहतात, तिथल्या पाण्याची जबाबदारी केंद्राकडे येते. जगातल्या गोड्या पाण्याचा इतका मोठा साठा बाळगणाऱ्या या देशात, नोव्हेंबर २०१५ मध्ये अशा वस्त्यांवर दीर्घकाळ चाललेल्या १०५ पाणीविषयक सूचना लागू होत्या. बहुतेकींचा अर्थ साधा : नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. मार्च २०२१ पर्यंत त्या सगळ्या संपवू, असं आश्वासन सरकारनं दिलं. बऱ्याच संपल्या, सगळ्या नाहीत. उत्तर ऑन्टॅरिओतल्या नेसकांटागा या वस्तीत ही सूचना १९९५ पासून आहे. तिथे शुद्धीकरण केंद्र त्याच्या दोनच वर्षं आधी बांधलेलं होतं. नळाचं पाणी थेट ओंजळीत घेऊन न प्यायलेली मुलं तिथे मोठी होऊन आईबाप झाली.

ती फाइल वाचताना मला लातूर आठवलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर, आणि देशभरचे कॅमेरे स्टेशनावर जमले. त्याच उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या एका गावात टँकरच्या नोंदवहीवरून मी प्रश्न विचारत होते, तेव्हा घागर कमरेवर घेतलेली एक बाई म्हणाली, ‘मॅडम, कागदावर तीन खेपा हायत्या. येत्यात दोन. तिसरी कुटं जाती ते तुमीच हुडका.’ अहवालात तिचं वाक्य ‘अंमलबजावणीच्या पातळीवरील तफावत’ झालं आणि ती स्वतः झाली प्रतिसादक क्रमांक १४. असे अहवाल असेच लिहिले जातात. त्या अहवालाच्या जोरावर मला पंधरा गुण मिळाले. तिसरी खेप जिला माहीत होती, तिला कुठल्या देशानं गुण दिले असते?

आणि नेसकांटागाच्या बाईला? तिच्याइतका ‘कॅनेडियन अनुभव’ कुणाकडे आहे? तिची माणसं कॅनडा हे नाव पडायच्या हजारो वर्षं आधीपासून तिथे आहेत. पण धोरणाच्या कागदात तीही ‘हितसंबंधी घटक’ म्हणून येते. खुद्द फर्स्ट नेशन्सची माणसं या शब्दावर चिडतात आणि सांगतात, आम्ही हितसंबंधी नव्हे, हक्कदार आहोत. म्हणजे नोकरीच्या मुलाखतीत जो अनुभव मागितला जातो, तो त्या भूमीचा नसतोच. तो ऑफिसचा अनुभव असतो. तो मला काही महिन्यांत आला. तेवीस वर्षांच्या त्या मुलालाही आला.

म्हणून इंटर्नशिपबद्दलचं माझं मत थोडं तिरपं आहे. नव्यानं आलेल्याला सरकारी ऑफिस आतून दाखवणं न्याय्य आहे, पण त्याला ‘उणीव भरून काढणं’ म्हणणं खोटं आहे. दार सरकारनं आणि बाजारानं मिळून बंद केलं होतं. ते उघडणं ही त्यांची दुरुस्ती, आमची नव्हे. शिकणं एकाच दिशेनं चालणार असेल, मला टिपण लिहायला शिकवलं जाणार पण तुटीच्या प्रदेशातली नोंदवही कशी वाचायची हे मला कुणी विचारणार नसेल, तर खातं आपल्याच पैशानं आपलंच नुकसान करून घेतं. आणि आपल्या आतल्या जागेचा आनंद इतकाही नसावा, की उंबऱ्याबाहेर अजून कोण उभं आहे हे दिसू नये.

हे वाचून कॅनडावर चरफडणाऱ्यांसाठी एक आठवण. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मुंबईत मार खावा लागला होता. ‘इथला’ असण्याची अट आपल्याला परकी नाही. ती गोड आवाजात विचारण्याइतकी सभ्यता तेवढी आपण दाखवली नव्हती.

माझ्या शेवटच्या टिपणात मी एक ओळ घातली होती : वस्त्यांवरचं शुद्धीकरण केंद्र चालवणाऱ्या स्थानिक माणसांच्या नोंदी पुराव्यात धराव्यात आणि त्यांना मसुदा ठरण्याआधी बोलवावं. मार्गदर्शक बाईंनी ती काढली नाही. ‘बोलवावं’च्या जागी त्यांनी ‘बोलावण्याचा विचार करता येईल’ असं केलं, माझ्याकडे बघून थोडं हसल्या आणि कागद वर पाठवला. दोन आठवड्यांनी माझी मुदत संपली. त्या ओळीचं पुढे काय झालं, हे विचारण्यापुरतीही आता माझी तिथे ओळख नाही. तो मुलगा अजून तिथेच आहे, बढती मिळाली त्याला. त्याला मी लिहून ठेवलंय, तिसऱ्या खेपेचं बघ म्हणून.