नांव आणि साक्षीदार

एखादी स्त्री जागी होते, तों खोली अनोळखी, सामानावर भलत्याच नांवाचीं आद्याक्षरें, आणि एक परका पुरुष तिला आपली पत्नी म्हणवितो. नोकरमाणसें ‘बाईसाहेबांच्या मनावर परिणाम झाला आहे’ म्हणून हळहळतात. आपण आपणच आहों, हें तिनें सिद्ध करावें तरी कसें?

‘माय नेम इज ज्युलिया रॉस’ हा १९४५ चा अमेरिकन गुन्हेपट एवढ्या प्रश्नावर उभा आहे. मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखवावयाचा, थोड्या खर्चाचा, जेमतेम ६५ मिनिटांचा. (मूळ कादंबरी लूसी मॅलेसन या बाईंची, तीहि ‘अँथनी गिल्बर्ट’ या पुरुषी नांवाखालीं लिहिलेली!) लंडनमध्यें नोकरी शोधणाऱ्या ज्युलियाला चिटणिशीचें आमिष दाखवून, गुंगी देऊन, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील वाड्यांत आणतात. घरच्या मुलानें बायकोचा खून करून प्रेत समुद्रांत टाकलें आहे. आतां जगाला दाखवावयास एक प्रेत हवें. आई मुलावर पांघरूण घालते, तें असें!

खुनी कोण, हें आपणांस लवकरच कळतें. मग पाहणारा खिळून कां राहतो? माझ्या मतें, सौजन्याच्या भयानें. परक्यांसमोर जो तो ज्युलियाची काळजीच घेतो. ती ओरडली कीं वेड सिद्ध झालें. शांत राहिली कीं गुण येत चालला. भव्य देखाव्यांना पैसा नव्हता, हें एका परीनें बरेंच झालें. दिग्दर्शक जोसेफ लुईस यांनीं कुलूप, खिडकी आणि नीना फॉशचा चेहरा यांवर भागविलें.

‘मी नाहीं’ असा प्रत्यय कोणासहि येत नाहीं, असें शंकराचार्य म्हणतात. तें खरेंच. पण ‘मी आहें’ याला साक्षीदार लागत नसला, तरी ‘मी अमुक आहें’ याला सारें गांव लागतें. ज्युलियाचें पहिलें ज्ञान अभंग आहे, आणि त्याचा तिला काडीइतकाहि उपयोग नाहीं. सत्य सांगून ती सुटत नाहीं. जीव दिल्याचें सोंग करून सुटते. तिनें असत्याचा आश्रय घ्यावा काय, हा वाद ज्यांना घालावयाचा असेल त्यांनीं खुशाल घालावा. कुलपाआड मला तो सुचत नाहीं.

शेवटीं प्रियकर तिला मागणी घालतो. तें नांव घ्यावें कीं न घ्यावें, हें तरी तिच्या हातीं आहे. आपल्याकडे तबकांतील तांदुळांत अंगठीनें नवें नांव लिहिण्याची चाल पिढ्यान् पिढ्या चालली. तेथें गुंगी नाहीं, खून नाहीं. कित्येकींनीं तें हौसेनेंहि घेतलें. पण नव्या नांवाच्या हांकेला ओ देण्यास सून क्षणभर चुकली, तर त्या क्षणीं तिच्या मनांत काय होतें, हें घरांत कोणी विचारलें? सारे कौतुकानें हंसले, इतकेंच.