आग्रह कशाचा करावा?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥
🌸 गुरुवारचं सत्संग-पुष्प 🌸
(इंदूर केंद्रात गुरुवारच्या आरतीनंतर झालेलं निरूपण. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी.)



आज निरूपणाला बसण्याआधी एक कबुली द्यायची आहे. तुमच्यासमोर आणि महाराजांच्या तसबिरीसमोर.

दोन वर्षांपूर्वीची दत्तजयंती आठवा. भंडाऱ्याला आपल्या माळव्याच्या रीतीप्रमाणे दाल-बाफले, लाडू, कढी असा बेत होता. लाडू वाढायची सेवा माझ्याकडे होती. पंगतीत आपले एक जुने गुरुबंधू बसले होते. नाव घेत नाही, काका म्हणू. मी लाडू घेऊन आलो तसा काकांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. मी काय म्हणालो? "काका, प्रसादाला नाही म्हणायचं नसतं!" पंगत हसली. काकांनी हात काढला. मी एक नाही, दोन लाडू वाढले आणि पुढे गेलो. त्या दिवशी घरी जाताना वाटलं, चांगली सेवा घडली.

काकांना बारा वर्षांपासून साखर आहे, हे मला ठाऊक होतं. पंगतीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं.

पुढे चार-पाच महिन्यांनी काका नवस फेडायला अनवाणी देवदर्शनाला गेले. तळपायाला खडा लागला, जखम झाली, पण त्यांना कळलंच नाही. जुन्या साखरेनं पायाची संवेदना कमी होते, ती अशी. कळलं तेव्हा उशीर झाला होता. उजव्या पायाचं एक बोट काढावं लागलं.

मी भेटायला गेलो. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "दादा, माझं पथ्य मलाच पाळायचं होतं, चूक माझीच. पण पंगतीत नाही म्हणायला मी एकटा होतो. माझ्या बाजूनं कुणीच बोललं नाही रे."

काकांचं बोट माझ्या दोन लाडवांनी गेलं असं मी म्हणत नाही. आजार असा एका दिवसात होत नसतो. पण त्यांनी हात आडवा धरला होता आणि तो मी बाजूला करायला लावला. हे ओझं माझं आहे. म्हणून आजचा विषय: *आग्रह कशाचा करावा?*

🔸 *जिभेचा गुरू*

आपण दत्तसंप्रदायाची माणसं. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा येते. नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात ती मराठीत उलगडून ठेवली आहे. त्या चोवीसांत मासा आहे. तो गुरू कसा? गळाला लावलेल्या आमिषाच्या चवीला भुलतो आणि जिवाला मुकतो. अवधूत त्यातून शिकतो की बाकीची इंद्रियं आवरली, पण जीभ आवरली नाही, तर काहीच आवरलं नाही.

त्याच चोवीसांत मधमाशीही आहे. फुलाला धक्का न लावता थोडं थोडं घेते. आपल्याकडची माधुकरी हा शब्द तिथूनच आला. एका दारी पोटभर मागायचं नाही, प्रत्येक दारी थोडं घ्यायचं.

आणि गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला स्पष्ट सांगतात की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. आहार, फिरणं, काम, झोप, जागणं हे सगळं मापात असेल त्यालाच योग दुःखातून सोडवतो. बघा, भगवंतांनी आहाराला आणि हिंडण्या-फिरण्याला योगाच्या प्रकरणात जागा दिली. आपण मात्र त्यांना 'डॉक्टरांचं लचांड' म्हणून बाहेर ठेवतो.

महाराजांना जेवताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना आठवत असेल. पान स्वच्छ करायचे, पण दुसऱ्यांदा मागायचे नाहीत. कुणी आग्रह केला की हसून पानावर पाणी फिरवायचे. आपण ते पाहून नमस्कार केला आणि घरी येऊन रात्री दहाला सराफ्यात गेलो!

🔸 *खायला पंगत, चालायला एकटा*

आता मुख्य गोष्ट. इथे बसलेल्यांपैकी कितीजणांनी पाडव्याला नाहीतर एक तारखेला ठरवलं होतं की रोज फिरायचं, गोड बंद? हात वर करू नका, मला माहीत आहे. माझाही त्यात आहे. किती दिवस टिकलं? दहा? पंधरा?

आपण म्हणतो, माझ्यात निग्रहच नाही. मला वाटतं, निग्रहापेक्षा मांडणीत चूक आहे. खायचं असलं की आपण पंगत बसवतो. पोहे-जिलेबीला चार मित्र, कचोरीला सहा, थंडीत गराडू खायला अख्खं घर. आणि चालायचं असलं की एकटेच निघतो. खायला पंगत आणि चालायला एकटा! मग कुठलं टिकेल?

वारी आठवा. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. सत्तर वर्षांची आजी डोक्यावर तुळस घेऊन चालते. तिला एकटीला सांगा बरं, अडीचशे किलोमीटर चालून दाखव म्हणून. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट लागतो. तिथे दम लागतो तेव्हा पायांइतकीच दिंडीही चढत असते. पुढे टाळ, मागे टाळ, शेजारी कुणीतरी "चला माऊली" म्हणणारं. मुक्कामाला पोचलं की दिंडीतल्याच कुणी स्वयंपाक केलेला असतो. कुणाचा पाय सुजला तर दुसरा तेल लावतो. वारकरी निग्रही असतात हे खरंच, पण त्या निग्रहाचं ओझं एकट्यानं वाहायचं नसतं. म्हणून तो टिकतो.

🔸 *पण कांकणं वाजू देऊ नका*

इथे कुणी शहाणा विचारील, "दादा, त्याच चोवीस गुरूंत कुमारीचं कांकणही आहे की! दोघं एकत्र आले की आवाज होतो, म्हणून एकटं राहा, असंच अवधूत सांगतो ना?"

बरोबर आहे. घरी पाहुणे आलेले, ती मुलगी आत साळ कांडत होती. हातातली कांकणं वाजायला लागली. लाज वाटून तिनं एकेक काढलं. दोन राहिली तरी वाजत होती, एकच ठेवलं तेव्हा आवाज थांबला. संन्याशाला त्यातून एकांत शिकायचा आहे. आपण संसारी माणसं, आपल्याला एकत्रच राहायचं आहे. आपण त्यातून एवढं शिकू की एकत्र असताना आवाज कशानं होतो. तो होतो घासण्यानं. "तुझं किती उतरलं? माझं तर चार किलो!" "अगंबाई, पुन्हा वाढलीस की!" "हे काय, तुम्हाला साखर ना, मग हे कसं खाता?" हे सगळे कांकणांचे आवाज. असा आवाज झाला की आधी शरम वाटते, आणि शरम वाटलेलं माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही.

म्हणजे साथ हवी, पण घासाघास नको.

🔸 *फाटकाशी उभी राहिलेली आजी*

काका बरे होऊन घरी आले. डॉक्टरांनी सांगितलं, जखम पूर्ण भरली की साखरेच्या रुग्णांसाठी मिळतात त्या खास चपला घालून रोज थोडं चाला. काका दोन दिवस चालले, तिसऱ्या दिवशी बसून राहिले. चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांच्या फाटकाशी आपल्या केंद्रातल्या एक आजी उभ्या. वय अडुसष्ट. बेल नाही वाजवली, उपदेश नाही केला. नुसत्या उभ्या. काका खिडकीतून पाहतात तर आजी जप करत उभ्या! चपला घालून बाहेर आले. महिन्याभरात तिथे सात जण झाले. त्यात मीही होतो.

मग घरात लग्न आलं आणि मी पंधरा दिवस गेलो नाही. लग्नातलं सगळं खाल्लं. पंधरा दिवस झाल्यावर जायची लाज वाटायला लागली. लोक काय म्हणतील? एका रात्री आजींचा आवाजी निरोप आला: "दादा, उद्या साडेसहा. मी फाटकाशी आहे." बस. कुठे होतात, का आला नाहीत, एक शब्द नाही.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. आणि त्या दिवशी मला कळलं की आग्रह ही वाईट गोष्ट नाहीच. आपल्या आई-आजीनं आपल्याला आग्रहानंच वाढवलं. जेव्हा घरात खायला कमी होतं तेव्हा "अजून एक पोळी घे" हे प्रेमच होतं. आज कमी अन्नाची नाही, कमी हालचालीची अडचण आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आपल्या देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. प्रेम तेच ठेवायचं, आग्रहाचा विषय बदलायचा. "अजून एक लाडू" ऐवजी "अजून एक फेरी". "घ्या हो, काही होत नाही" ऐवजी "या हो, मी थांबलोय".

🔸 *आपल्या केंद्रानं काय करायचं*

१. *जोडी.* प्रत्येकानं एक जोडीदार धरावा. शक्यतो घराजवळचा. निरोप दोनच शब्दांचा, "निघालो" आणि "पोचलो". जोडीदार आला नाही तर कारण विचारायचं नाही, उद्याची वेळ सांगायची. तीन दिवस आला नाही तर घरी जाऊन यायचं, कदाचित तो आजारी असेल.

२. *चालणं.* जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका वेग. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांनी सुरुवात करा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाललं तरी जेवणानंतर वाढणारी साखर कमी चढते. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत आटपा.

३. *ताकद.* आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. तरुणांनी सूर्यनमस्कार घालावेत. ज्येष्ठांनी भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि जमेल तेवढ्या वेळा उठावं-बसावं, जोडीदार शेजारी असताना.

४. *एकादशी.* आपली म्हणच आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्यात तूप, दाणे, वर तळलेले पापड. उपवासाला भगर, राजगिरा, ताक, काकडी, एखादं फळ, तेही मापात. *साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये.* त्यांनी चालायला जातानाही खिशात थोडी साखर ठेवावी. घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच थांबून ती खावी आणि जोडीदाराला सांगावं.

५. *पाय.* ज्यांना साखर आहे त्यांनी अनवाणी नवस बोलू नयेत. रोज रात्री दोन्ही तळवे पाहावेत. स्वतःला वाकून दिसत नसेल तर घरच्यांनी पाहावेत. सुनेनं सासऱ्यांचे किंवा नातवानं आजीचे पाय पाहिले तर ती चरणसेवाच झाली.

६. *प्रसाद.* हे सगळ्यात महत्त्वाचं. शिऱ्यात रवा, तूप, साखर सव्वा-सव्वा पडतं, ते माप देवाचं आहे, तसंच राहू द्या. पण हातावर पडताना चमचाभरच पडू द्या. प्रसाद कणानंही प्रसादच असतो, तो वाटीभर घेतल्यानं जास्त पावत नाही. येत्या भंडाऱ्याला लाडू लिंबाएवढा होईल, एकदाच फिरेल. सोबत कोशिंबीर आणि मुगाची उसळ असेल. वाढणाऱ्यानं विचारायचं, वाढायचं नाही. आणि ज्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला त्याच्या शेजारच्यानं म्हणायचं, "राहू द्या, त्यांना नको आहे." एवढं एक वाक्य. काकांना तेच हवं होतं.

🔸 *शेवटी*

हा देह महाराजांनी दिलेल्या नामाचं भांडं आहे असं आपण आरतीत रोज म्हणतो. भांडं घासायचा कंटाळा करून चालेल का? आणि आपलं एकट्याचं भांडं घासून शेजारच्याचं तसंच ठेवलं, तर ती सेवा कशी?

काका परवा साडेसहाला फाटकाशी आले तेव्हा मी उशीर केला होता. मला पाहून म्हणाले, "दादा, आज मी थांबलो तुमच्यासाठी." चार पावलं चालल्यावर मी त्यांची माफी मागितली, दोन वर्षांनी. ते म्हणाले, "चला, एक फेरी जास्त मारा, झाली माफी."

तर गुरुबंधूंनो, भगिनींनो, आज रात्री एकच करा. ज्यांना तुम्ही कधीतरी आग्रहानं वाढलंत, त्यांच्यापैकी एकाला निरोप पाठवा: "उद्या साडेसहा. मी फाटकाशी आहे."

सर्वांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, हीच महाराजांच्या चरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥ 🙏🌼

(हे पुष्प आपापल्या घरच्या ग्रुपवर अवश्य पाठवा. घरातल्या ज्येष्ठांना वाचता येत नसेल तर जेवणानंतर वाचून दाखवा, आणि मग त्यांना घेऊन अंगणात दोन फेऱ्या मारा.)