गुंजेचं कवच

सोनाराच्या तराजूत गुंज बसली ती लाल-काळ्या रूपामुळे नव्हे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे ९६ गुंजांचे जेमतेम पावणेबारा ग्रॅम. गुंजेची बी पावसाळ्यात फुगत नाही की उन्हाळ्यात आटत नाही, कारण तिचं टरफल पाणी आत येऊ देत नाही आणि आतलं सोडतही नाही. सगळ्याच बिया सारख्या वजनाच्या नसतात, पारखून घ्याव्या लागत. पण एकदा पारखलेली गुंज वर्षानुवर्षं वजन राखते.

याच टरफलामागे विष दडलेलं असतं. अब्रिन हे त्याचं नाव; पेशींत प्रथिनं तयार होण्याचं कामच ते बंद पाडतं. सबंध गिळलेली बी बहुधा तशीच बाहेर पडते. चावली, फोडली, माळेसाठी भोक पाडलं, की धोका सुरू. (आणि याच वेलीचा गोडसर पाला विड्यात घालतात!)

आता लावायचं म्हटलं, तर आडवं येतं तेही टरफलच. नुसती मातीत टाकलेली बी पाऊस पिऊन रुजेलच असं नाही. कित्येक तशाच पडून राहतात. रानात ऊन-पाऊस आणि माती हळूहळू कवच झिजवतात, ते काम आपल्याला हातानं करावं लागतं. काळ्या टोकाकडे देठाची खूण असते. ती सोडून लाल बाजूला पॉलिश पेपरनं हलकेच घासायचं, आतला फिका रंग दिसला की थांबायचं. हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच, ती पूड नाकातोंडात जाता कामा नये. घासलेली बी रात्रभर पाण्यात ठेवावी. फुगली तर पाणी आत शिरलं. न फुगलेली पुन्हा घासावी.

जूनमध्ये, निचऱ्याच्या जमिनीत, बोटाच्या पेरभर खोल लावावी. ऊन आणि चढायला कुंपण एवढंच तिचं मागणं. मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतलं नत्र पुरवतात, तेव्हा युरिया नको. खोड पुढे लाकडासारखं होतं आणि वेल वर्षानुवर्षं टिकतो.

फ्लोरिडात गुंज आक्रमक तण ठरली आहे, तिथल्या मराठी माणसांनी ती हौसेनं लावू नये. आणि घरात लहान मूल असेल, तर इथेही नकोच.