शेजाऱ्याच्या सणास सलाम
(शास्त्रपाठ : मत्तय ५:४७)



दिवाळी जवळ आली म्हणजे मंडळीतील कोणी ना कोणी आम्हास हळूच विचारतो, "पाळकसाहेब, शेजारच्यांनी फराळाचे ताट आणले तर घ्यावे काय? त्यांना सणाच्या शुभेच्छा द्याव्या काय?" विचारणाऱ्याच्या मनात प्रभूशी बेइमानी होण्याची भीती असते, आणि त्या भीतीचा आम्ही मान राखतो.

परंतु डोंगरावरील प्रवचनात प्रभू विचारतो की, केवळ आपल्या बंधूंनाच सलाम केला तर विशेष ते काय केले? तितके तर परराष्ट्रीयही करतात. आता हा 'सलाम' शब्दच पाहा. आमच्या मराठी शास्त्रात तो जागोजाग आहे. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल एकेकाचे नाव घेऊन सलाम सांगतो. शब्द मूळचा अरबी, इब्री 'शालोम'चा सख्खा भाऊ. उपासना सुटल्यावर आपण जो सलाम करतो, तो मुसलमान शेजाऱ्याच्याही तोंडचा आहे. त्याने आपला विश्वास बाटल्याचे आम्ही कधी ऐकले नाही.

सेमिनरीतून आम्ही नुकतेच बाहेर पडलो होतो. पहिल्याच गावी, पाडव्याच्या सकाळी, एक वृद्ध शेजारीण पदराखाली ताट झाकून दाराशी आली. करंज्या, चकल्या, थोडा चिवडा. आम्ही म्हणालो, "मावशी, आम्ही ख्रिस्ती. आम्हाला हे चालत नाही."

"देवापुढचं न्हाई हे, साहेब. कढईतनं काढलं ते तुमच्यासाठीच आणलंय."

तरीही आम्ही ते घेतले नाही. ती मुकाट्याने वळली.

संध्याकाळी मंडळीतले एक वृद्ध सभासद आमच्याकडे आले. त्यांच्या बालपणी त्याच घरची भाकरी त्यांच्या पदरात वरून टाकीत, पाणी ओंजळीत वरून ओतीत. ते म्हणाले, "त्या घरातनं आपल्या दारापतुर हातानं ताट यायला दोन पिढ्या गेल्या, साहेब. तुम्ही एका शब्दात माघारी धाडलं." आम्हापाशी उत्तर नव्हते.

उत्तर शास्त्रात होते, आणि आम्ही त्याची परीक्षाही दिली होती! करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल सांगतो की, विश्वास न ठेवणाऱ्याने जेवावयास बोलावले तर पुढे वाढलेले खावे, खोदून विचारू नये. मात्र हे मूर्तीस वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये. तेव्हा प्रसाद असेल तर हात जोडून सौम्यपणे सांगावे. शेजारी समजून घेतो. आरतीचे तबक हाती घेणे ही गोष्ट निराळी, ती आम्ही करणार नाही. पण कोणाच्या घराचे कल्याण चिंतणे ही काही पूजा नव्हे. स्वतः प्रभूने शोमरोनी स्त्रीपाशी पाणी मागितले, आणि तेही यहुदी व शोमरोनी यांच्यात व्यवहार नसताना.

त्या नाताळात आमची पत्नी करंज्यांचे ताट घेऊन त्या घरी गेली. मावशींनी ते घेतले, आणि रिते परत देऊ नये म्हणून त्यात ओंजळभर शेंगा घातल्या. संक्रांतीस त्या तिळगूळ घेऊन आल्या, पण उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "आत या" असे आम्हास तीन वेळा म्हणावे लागले.